बोंडगावचे केस आणि लेझर

डिसेंबर 2024च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगावात हात फिरवताच लोकांचे केस गळू लागले. काही दिवसांतच डोकं साफ! डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पुढे अनेकांचे केस परत आले. मुळं जिवंत होती.

केस काढण्याचा लेझर मात्र मुळावरच घाव घालतो.

टक्कल पडल्यावर कानांभोवती उरलेली झालर रोज भादरून कंटाळलेले पुरुष त्याकडे वळतात. केसातलं मेलॅनिन प्रकाश शोषून तापतं, मूळ भाजतं. पांढऱ्या केसांवर मात्र त्याची मात्रा चालत नाही. सावळ्या त्वचेतही मेलॅनिन भरपूर, म्हणून आपल्याकडे 1064 नॅनोमीटरचा किरण अधिक सुरक्षित. गाठावा तो त्वचारोगतज्ज्ञच. आणि पुढेमागे केशरोपण करायचं असेल, तर झालर मुळीच जाळू नये. रोपणाचे केस तिथूनच, विशेषतः डोक्याच्या मागच्या भागातून काढतात.