पोहताना डॉल्फिन भेटला तर…

हवाई बेटांवरच्या केआलाकेकुआ उपसागरात सकाळी दिसणारे स्पिनर डॉल्फिन आपल्याशी खेळायला आलेले नसतात. ते झोपायला आलेले असतात. रात्रभर खोल समुद्रात मासे, कोळंबी, म्हाकूळ यांवर ताव मारून हे कळप पहाटे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरतात. झोप अर्ध्याच मेंदूची; उरलेला अर्धा जागा, कारण श्वासासाठी वर यावंच लागतं. कळप एकमेकांना चिकटून, उड्या न मारता, संथपणे एका लयीत वर-खाली होत असेल तर तो विश्रांती घेतो आहे असं समजावं. (पर्यटकांना नेमका हाच कळप ‘माणसाळलेला’ वाटतो!) तोंडावरचं हसू ही निव्वळ जबड्याची ठेवण.

पर्यटक जवळ जाऊन रोज त्यांची झोपमोड करतात, म्हणून अमेरिकेने ऑक्टोबर 2021 पासून हवाईच्या किनाऱ्यापासून 2 सागरी मैलांपर्यंत स्पिनर डॉल्फिनच्या 50 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 45 मीटरच्या, आत जायला बंदी घातली. पोहणारे, होड्या, ड्रोन, सगळेच त्यात आले. नियम उशिरा आला, पण योग्यच आहे. डॉल्फिन आपणहून जवळ आला तर तो गुन्हा नाही. मात्र हात लावू नका, त्याच्या मागे जाऊ नका, लगेच बाजूला व्हा.