नमुन्याची कुपी कशी निवडावी?

सभासद बंधूंनो, तोडलेला ऊस शिळा झाला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. शिवाय डेक्स्ट्रान वाढून 'पोल'चा आकडा कधी फुगतो, तो वेगळाच. क्रोमॅटोग्राफीत मात्र प्रत्येक साखर सुटी मोजता येते. साखर कुठे गळते ते कळले तर उतारा राखता येतो, आणि उताऱ्यावरच आपली एफआरपी.

यासाठी रस ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून २ मिलीच्या कुपीत घेतात. एवढ्याशा कुपीत काय आहे, म्हणाल! पण धुतलेल्या कुपीत मागच्या रसाचा अंश राहिला तर तोच पुढच्या नमुन्यात मोजला जातो. काच बोरोसिलिकेट हवी. नुसत्या साखरेसाठी पॉलिप्रॉपिलीनही चालते. तपकिरी काच उजेडाने बिघडणाऱ्या पदार्थांसाठी, रसाला तो खर्च कशाला?

आसवनीतल्या अल्कोहोलची गोष्ट निराळी. तो उडून जातो, म्हणून तिथे सगळे बुचावर. टेफ्लॉन लावलेली सिलिकॉनची चकती, टेफ्लॉनची बाजू नमुन्याकडे, टोपण घट्ट. सुईने एकदा टोचलेली चकती नमुना ठेवण्यासाठी पुन्हा वापरू नये. कुपी काठोकाठही भरू नये. आत पोकळी होऊन सुईत नमुना कमी येतो.

रस लगेच तपासायचा नसेल तर कुपी गोठवून ठेवावी; बाहेर ठेवलेला रस काही तासांतच आंबू लागतो.