जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

विजयादशमीच्या दिवशीं आपल्याकडे घरोघरीं मोटारीची पूजा होते. सकाळींच तिला न्हाऊं घालतात, पुढच्या जाळीला झेंडूचा हार बांधतात, हळदकुंकू वाहतात आणि नारळ फोडतात. हा सोहळा आम्हांस मनापासून आवडतो. परंतु ज्या गाडीस आपण वर्षांतून एकदां हार घालतों, तिच्या पोटांतील तेल किती महिन्यांचें आहे आणि रेडिएटरांत पाणी कोणतें आहे, याची विचारपूस आपल्यापैकीं कितीजण करतात? आम्ही स्वतः करीत नव्हतों. आणि त्याची शिक्षा आम्हांस एका मे महिन्यांत, भर दुपारीं, शेंद्र्याजवळ मिळाली. ती हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

आमचें बिऱ्हाड जालन्यास. मोटार तेव्हां तेरा वर्षांची होती. वडिलांना आठवड्यांतून दोनदां डायलिसिससाठीं छत्रपति संभाजीनगरास न्यावें लागे. त्या दिवशीं बदनापूर आणि करमाड हीं गांवें मागें पडलीं, शेंद्र्याची औद्योगिक वसाहत दिसूं लागली, आणि तोंच तापमानाचा कांटा तांबड्या रेघेस भिडला. झांकणाखालून वाफा निघूं लागल्या. गाडी कडेस घेऊन आम्ही इंजिन बंद केलें. उन्हाचा पारा चाळिसाच्या वर होता, आणि रुग्णालयाची वेळ ठरलेली होती. वडील मागच्या आसनावर निमूटपणें बसून होते. ते एक शब्दही बोलले नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. अर्ध्या तासानें एका अनोळखी सद्गृहस्थांनीं त्यांना आपल्या गाडींत घेतलें. आमची पत्नी त्यांच्याबरोबर गेली, आणि आम्ही लिंबाच्या सावलींत आमच्या गाडीशेजारीं उभे राहिलों. तेथून जवळच स्कोडाचा कारखाना आहे. आमची गाडी निराळ्या कंपनीची. पण कोऱ्या मोटारी जेथून बाहेर पडतात त्याच गांवच्या शिवेवर आमची म्हातारी मोटार धापा टाकीत उभी होती, याची गंमत वाटण्यासारखी आमची मनःस्थिति त्या वेळीं नव्हती.

गाडी ओढून शहरांतील एका अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपांत नेली. दुसऱ्या दिवशीं निकाल आला: इंजिन उघडावें लागेल, खर्च लाखाच्या घरांत जाईल, आणि एवढ्या जुन्या गाडीवर तो करण्यापेक्षां नवी घ्यावी, जुनीचे काय येतील ते नवीच्या किंमतींत वळते करून घेऊं. बिघाडाचें कारण लिहून द्या असें आम्हीं म्हटलें, तेव्हां तेथील गृहस्थ नुसते हंसले. आम्हीं गाडी जालन्यास आणविली आणि एका वृद्ध मिस्त्रींस दाखविली. त्यांनीं रेडिएटराचें झांकण काढलें, आंत बोट फिरविलें, आणि बोटास लागलेला पांढुरका चिखल आमच्यापुढें धरला. "काका, ह्यांत बोअरचें पाणी कोणी घातलें?" असा त्यांचा एकच प्रश्न होता.

तें आम्हींच घातलें होतें. पाणी कमी दिसलें कीं अंगणांतल्या नळाची झारी ओतावयाची, असा दोन वर्षें क्रम चालला होता. मराठवाड्यांतील बोअरचें पाणी बहुधा जड असतें. पाणी तापविण्याच्या भांड्यास आंतून क्षाराचा थर बसतो हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तोच थर रेडिएटराच्या बारीक नळ्यांत बसला म्हणजे उष्णता बाहेर पडत नाहीं आणि नळ्याही तुंबतात. यासाठीं कंपनीनें सांगितलेलें कूलंट आणि शुद्ध केलेलें पाणीच ठरलेल्या प्रमाणांत घालावें लागतें. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवितें आणि आंतील धातूस गंजण्यापासून वांचवितें. मिस्त्रींनीं रेडिएटर काढून साफ केला, थर्मोस्टॅट आणि झांकण नवें बसविलें, हेड गॅस्केट फुटलेलें नाहीं याची खात्री करून घेतली. एकंदर खर्च विक्रेत्यानें सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शाइतकाही आला नाहीं. "वेळेवर थांबलांत, आणखी दोन मैल रेटली असतीत तर त्यांचेंच म्हणणें खरें झालें असतें," असें ते म्हणाले. अति तापलेल्या इंजिनाचें हेड वांकडें होतें, आणि मग खरोखरच लाखाची गोष्ट असते.

या प्रकरणांत दोष आमचा होता हें आम्ही कबूल करतों. पण दोष दुसऱ्या बाजूचा असतां काय करावें, याचाही धडा आम्हांस पूर्वीं मिळाला होता. गाडी चार वर्षांची असतांना, आम्हीं विकत घेतलेल्या वाढीव वॉरंटीच्या मुदतींत, स्टिअरिंगचा एक भाग नादुरुस्त झाला. विक्रेत्यानें सांगितलें कीं एका सर्व्हिसिंगची नोंद आमच्याकडे नाहीं, म्हणून वॉरंटी संपली. तें सर्व्हिसिंग पुण्यांत, त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत विक्रेत्याकडे झालें होतें. आमच्या मातोश्रींना कागद जपण्याची संवय. विजेच्या बिलांबरोबर बिस्किटांच्या डब्यांत त्यांनीं ती पावती ठेवली होती. तारीख, शिक्का आणि किलोमीटरांचा आंकडा सर्व शाबूत. ती जोडून आम्हीं कंपनीच्या मुख्य कचेरीस लेखी पत्र धाडलें, आणि तीन आठवड्यांत तो भाग विनामूल्य बदलून मिळाला. तोंडी बोलण्यानें दोन महिने जें झालें नव्हतें तें एका पावतीनें झालें.

वॉरंटी म्हणजे घडणींतील दोषाची हमी, झिजेची नव्हे. ब्रेकचे पॅड, क्लचची प्लेट, वायपरचें रबर हीं वापरानें झिजणारच; बॅटरी आणि टायर यांची हमी बहुधा त्यांचे त्यांचे उत्पादक निराळी देतात. पण बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला एवढ्याच कारणावरून सबंध वॉरंटी गेली, असें कोणी म्हटलें तर तें निमूटपणें मान्य करूं नये. भारतीय स्पर्धा आयोगानें २५ ऑगस्ट २०१४ रोजीं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारांत मिळूं न देणें आणि स्वतंत्र मिस्त्रींस दुरुस्तीची माहिती व साधनें न पुरविणें, हा त्यांच्यावर ठपका होता. बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालूं नये. त्या दुरुस्तीमुळेंच नुकसान झालें असेल तर तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेंही आयोगानें बजावलें. पुढें त्यावर अपिलें झालीं, आणि २०१६ सालीं अपील न्यायाधिकरणानें तीन कंपन्यांच्या बाबतींत निष्कर्ष कायम ठेवून दंड कमी केला.

त्या चौदा कंपन्यांत शेंद्र्याची कंपनीही होती. तिच्या जन्माची कथा ज्यांस ठाऊक आहे त्यांस हा योग विलक्षण वाटेल. बोहेमियांतील म्लादा बोलेस्लाव्ह या गांवीं व्हाक्लाव्ह क्लेमेंट नांवाचा एक पुस्तकविक्रेता होता. त्याची जर्मन बनावटीची सायकल मोडली. दुरुस्तीसंबंधीं त्यानें कंपनीच्या शाखेस आपल्या चेक मातृभाषेंत पत्र लिहिलें. उत्तर जर्मनमधून आलें, त्याचा आशय असा, कीं उत्तर हवें असल्यास आम्हांस समजेल अशा भाषेंत लिहा. क्लेमेंटास हा अपमान सोसला नाहीं. त्यानें व्हाक्लाव्ह लॉरिन या कारागिरास हाताशीं धरलें आणि १८९५ सालीं सायकलींच्या दुरुस्तीचें व बांधणीचें दुकान काढलें. १८९९ सालीं त्यांनीं मोटारसायकल केली, १९०५ सालीं मोटार; आणि १९२५ सालीं त्यांचा कारखाना स्कोडा या मोठ्या कंपनींत विलीन झाला. २००१ सालीं तीच परंपरा शेंद्र्यास आली आणि तेथें ऑक्टाव्हिया मोटारीची जुळणी सुरू झाली; ती २०२३ सालीं थांबली. नाकारलेल्या एका दुरुस्तीच्या पोटीं एवढा कारखाना जन्मास आला! सांगण्याचें तात्पर्य हें, कीं कारखान्याची थोरवी त्याच्या दारांतून बाहेर पडणाऱ्या नव्या गाडीवरून ठरत नाहीं; मोडलेली वस्तु घेऊन परत आलेल्या गिऱ्हाइकाशीं त्याची माणसें कशीं वागतात, यावरून ठरते.

आणि तशीं न वागलीं तर कायदा आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याअन्वयें तक्रारदारास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. विक्रेत्याच्या गांवीं हेलपाटे घालावे लागत नाहींत. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगापुढें चालतें, आणि तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत अर्ज करावा लागतो. त्याआधीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवितां येते. मात्र कोठेंही गेलें तरी पहिला प्रश्न एकच: कागद कोठें आहेत?

म्हणून आमच्या घरीं आतां मोटारीची एक वही आहे. तींत प्रत्येक दुरुस्तीची तारीख, किलोमीटर आणि खर्च लिहितों, पावत्या मागें चिकटवितों, आणि काढलेला जुना भाग मागून पाहतों. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून तें साधारणतः दोन वर्षांनीं बदलावें. ज्या इंजिनांत टायमिंगचा रबरी पट्टा असतो, त्यांत गाडी थोडी चालली असली तरी पुस्तकांत दिलेल्या वर्षांनीं तो बदलावा. तो तुटला तर पुष्कळशा इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हांवर आदळतात. टायरच्या कडेवर चार आंकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झाला असें समजावें. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारें होतेंच. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. त्या तपासणीस वही जवळ असली म्हणजे मन निर्धास्त राहतें.

वेरूळास घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत करविला. जीर्णोद्धार म्हणजे मोडकळीस आलेलें तसेंच रेटणें नव्हे. झिजलेला दगड काढून तेथें भार सोसेल असा दगड बसविणें. चौकट गंजली असेल, ब्रेकचा भरंवसा उरला नसेल, तर ममता बाजूस ठेवून गाडीस निरोप द्यावा. पण रोग न ओळखतां रोग्यास टाकून देऊं नये.

आमच्या गाडीनें पंधराव्या वर्षाची तपासणी पार पाडली. शेंद्र्याच्या प्रसंगानंतर दोन वर्षें वडील तिच्यांतूनच रुग्णालयास गेले, आणि एकदांही त्यांना रस्त्यावर थांबावें लागलें नाहीं. आतां ते नाहींत. दसऱ्यास आम्ही गाडीस हार घालतों; पण त्याच्या आदल्या दिवशीं झांकण उघडून तेल आणि कूलंट पाहतों, आणि वहींत तशी नोंद करतों.