चेहऱ्याची आग आणि सेरामाइडचं क्रीम

साधं पाणी मारलं तरी चेहरा चुरचुरतो, आंघोळीनंतर गाल ताणल्यासारखे होतात, रोजचं क्रीम एकाएकी झोंबू लागतं. अशा वेळी बहुधा त्वचेचा सर्वांत वरचा थर दुखावलेला असतो. हा थर कागदाहून कितीतरी पातळ. मृत पेशी म्हणजे त्यातल्या विटा आणि स्निग्ध पदार्थ म्हणजे विटांमधला चुना, हे चित्र सॅन फ्रान्सिस्कोचे त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी 1980च्या दशकात रूढ केलं. या चुन्यात वजनाने जवळजवळ निम्मं असतं सेरामाइड. उरलेलं मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. हा चुना झिजला की अंगातलं पाणी उडून जातं आणि बाहेरचा साबण, धूळ, सुगंधी द्रव्यं आत शिरतात.

झिजवणारं बरंच काही आपणच लावतो. त्वचेचा पीएच साधारण 5, तर अंगाच्या साबणाचा 9 ते 10. त्यावर स्क्रब, त्यावर आम्लाचं सीरम.

पण आपल्याकडचं मोठं दुखणं वेगळंच आहे. ‘गोरं करणारी ट्यूब’ म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेल्या क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, डाग फिके होतात, म्हणून ट्यूब महिनोन् महिने चालू राहते. आतून मात्र स्टेरॉइडमुळे त्वचेचं स्निग्ध पदार्थ तयार करण्याचं कामच मंदावतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातल्या 12 केंद्रांवर तपासलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर असं स्टेरॉइड लावत होते. हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

सेरामाइडचं मॉइश्चरायझर इथे खरोखर उपयोगी पडतं, पण डबा घेताना मागची बारीक अक्षरं वाचावीत. इलायस यांच्या गटाने 1990च्या दशकात केलेल्या प्रयोगांत नुसतं सेरामाइड लावल्यावर दुरुस्ती उलट रेंगाळली. चुन्यातले तिन्ही घटक योग्य प्रमाणात एकत्र दिल्यावर ती नीट झाली. म्हणून यादीत ‘सेरामाइड एनपी’, ‘एपी’ किंवा ‘ईओपी’सोबत कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लंही आहेत का, ते पाहावं. सुगंध नसलेलंच बरं. आंघोळीनंतर अंग टॉवेलने टिपून, त्वचा ओलसर असतानाच ते लावावं. त्वचा सावरेपर्यंत सीरम आणि स्क्रब बंद.

महागडं क्रीम परवडत नसेल तर साधी पेट्रोलियम जेलीही पाणी उडण्याला उत्तम अटकाव करते, हे सांगायलाच हवं. मॉइश्चरायझरची मर्यादाही ओळखावी. ब्रिटनमध्ये तेराशेहून अधिक नवजात बाळांवर झालेल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज मॉइश्चरायझर लावूनही एक्झिमा टळला नाही. दुखावलेली त्वचा सावरणं वेगळं, आजार होऊच न देणं वेगळं.

तरुण, निरोगी त्वचेची किरकोळ झीज साधारण तीन दिवसांत भरून येते. वय वाढलं की जास्त वेळ लागतो. स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला मात्र कित्येक महिने लागू शकतात. ट्यूब एकदम थांबवली तर लाली, आग आणि पुटकुळ्या उसळतात, घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. त्यामुळे ती कशी सोडायची, हे त्वचारोगतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावं आणि जाताना वापरलेली ट्यूब सोबत न्यावी.