वीज केंद्रातला पट्टेदार पाहुणा

दोस्ता, तुझ्या घरातला पंखा फिरतोय ना? त्याची वीज कदाचित चंद्रपूरहून आली असेल! तिथे दुर्गापूरला एक मोठ्ठं औष्णिक वीज केंद्र आहे. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, त्या वाफेनं चक्रं फिरवायची, की झाली वीज तयार! उंचच उंच चिमण्या, यंत्रांची धडधड, रात्रंदिवस कामगारांची ये-जा.

आणि ओळख पाहू, या आवारात कोण येतं? वाघ! रानातला, खराखुरा, पट्टेदार वाघ! बरं, एखादा चुकून आला आणि गेला, असंही नाही. वाघ इथे पुन्हा पुन्हा दिसतात. बिबटे आणि अस्वलंसुद्धा!

पण का रे येतात? चंद्रपूरच्या उत्तरेलाच ताडोबाचं जंगल आहे. 1955 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. आज तिथे वाघ भरपूर आहेत. बछडे दोनेक वर्षांचे झाले, की आईला सोडून स्वतःचं रान शोधायला निघतात. वर्गातले सगळे बाक भरलेले असले, की उशिरा आलेला मुलगा कसा जागा शोधत फिरतो? अगदी तसंच! वीज केंद्राच्या आवारात दाट झुडपं आहेत, पाणी आहे, रानडुकरं आहेत. मग काय, वाघोबा खूश!

माणसांना मात्र फार जपावं लागतं. 2022 साली इथे वाघाच्या हल्ल्यात एका कामगाराचा जीव गेला. म्हणून कुठला वाघ फिरतोय, हे वनखात्याला कळायलाच हवं.

ते कसं कळतं? पट्ट्यांवरून! कुठल्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. आणि गंमत म्हणजे, पट्टे नुसते केसांवर नसतात. केस काढले तरी खालच्या कातडीवर तीच नक्षी!

वाटेच्या कडेला झाडाला छोटा कॅमेरा बांधतात. वाघ समोरून गेला, की तो आपोआप फोटो काढतो. पण एका कॅमेऱ्यानं भागत नाही हं! वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लागतो. का, सांग बरं? कारण त्याच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेसुद्धा वेगवेगळे असतात!

खरं वाटत नाही? मग दोन वाघांचे फोटो शोध. डोळ्यांच्या वरच्या काळ्या रेघा नीट बघ, आणि काय फरक सापडला ते वहीत काढून ठेव!