गावचे आकाश आणि ड्रोनधारकाची जबाबदारी

सन 2024 च्या जून-जुलै महिन्यांत बारामती, इंदापूर व दौंड तालुक्यांतील अनेक गावांवर रात्रीच्या वेळी ड्रोन घिरट्या घालताना दिसू लागले. चोरटे घरांची टेहळणी करीत असावेत, या शंकेने ग्रामस्थांनी रात्री जागून गस्त घातली. ज्याचा मालक व हेतू ठाऊक नाही, असे यंत्र घरावरून फिरू लागले म्हणजे भीती उत्पन्न होणे स्वाभाविक आहे.

केंद्र शासनाच्या ‘ड्रोन नियम, 2021’ अन्वये ड्रोन वापरण्यापूर्वी त्याची नोंदणी करून स्वतंत्र ओळख क्रमांक घेणे बंधनकारक आहे. हौसेखातर 2 किलोग्रॅमपर्यंतचा ड्रोन उडविणाऱ्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. शेतात फवारणी करणारे वजनदार ड्रोन चालविणाऱ्यास मात्र प्रशिक्षण व प्रमाणपत्र आवश्यक आहे.

या नियमांनी आकाशाचे तीन विभाग केले आहेत. हिरव्या विभागात सर्वसाधारणपणे 120 मीटर उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्या विभागात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल विभागात केंद्र शासनाची परवानगी लागते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी शासनाचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे अगत्याचे आहे.

या परिसरात ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते. बारामतीच्या विमानतळावरून प्रशिक्षणार्थी वैमानिक उड्डाणे करतात. दिनांक 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे असेच एक प्रशिक्षण विमान शेतात कोसळले. या अपघाताशी ड्रोनचा संबंध नव्हता. परंतु अडचणीत आलेले विमान कोणत्याही शिवारावर खाली येऊ शकते, हे त्यावरून ध्यानी येते. तेव्हा ड्रोन सदैव नजरेच्या टप्प्यात ठेवावा आणि विमानाचा आवाज येताच तो खाली उतरवावा.

लग्नसमारंभाचे चित्रीकरण असो वा पिकाची पाहणी, ड्रोनधारकाने दिवस, वेळ व ठिकाण ग्रामपंचायतीस आणि पोलीस पाटलांस आधी कळवावे, शेजाऱ्यांच्या अंगणाचे चित्रण टाळावे व रात्रीचे उड्डाण करू नये. अनोळखी ड्रोन दिसल्यास ग्रामस्थांनीही दगडफेक न करता 112 क्रमांकावर पोलिसांस कळवावे. कारण खाली कोसळणारे यंत्र कोणाच्याही डोक्यावर पडू शकते. ही माहिती ग्रामसभेत व शाळेत एकदा समजावून दिली गेल्यास गावाला रात्री जागण्याची वेळ सहसा येणार नाही.