सोळाव्या फेरीचा निकाल

या माणसाला कोणत्या कायद्याने डांबले, त्याचा जाब न्यायालयापुढे द्या, असा हुकूम सत्तेला मिळवून देणारा अर्ज म्हणजे हेबिअस कॉर्पस, अर्थात बंदी प्रत्यक्षीकरण. त्याचे मोल समजावे म्हणून अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याची कहाणी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रुबिन कार्टर हा न्यू जर्सीतील पॅटरसनचा नामांकित मुष्टियोद्धा. १७ जून १९६६ च्या पहाटे तेथील एका बारमध्ये गोळीबार झाला. तीन गोऱ्यांचा त्यात बळी गेला. कार्टर आणि जॉन आर्टिस या कृष्णवर्णीय तरुणावर खटला भरण्यात आला. मुख्य साक्षीदार कोण? तर त्या रात्री जवळच चोरीत गुंतलेला इसम! १९६७ मध्ये गोऱ्यांच्या ज्युरीने दोघांना दोषी ठरविले. जन्मठेप झाली.

कार्टर खचला नाही. त्याने कैद्याचा गणवेश नाकारला, कायद्याची पुस्तके वाचली आणि १९७४ मध्ये ‘द सिक्स्टीन्थ राउंड’ हे आत्मचरित्र लिहिले. १९७६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात तो पुन्हा दोषी ठरला. या वेळी सरकारपक्षाने खुनाचा हेतू सांगितला, तो वांशिक सूडाचा. १९८२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ मतांनी तो हरला.

याच सुमारास त्याचे पुस्तक ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतल्या लेझ्रा मार्टिन या मुलाच्या हाती पडले होते. तो कॅनडात काही सहृदय लोकांकडे शिकत होता. त्याने कार्टरला पत्र लिहिले. पुढे ही मंडळी वकिलांच्या मदतीला धावली. हाच मुलगा पुढे स्वतः वकील झाला! मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे.

राज्यातील न्यायालयांचे दरवाजे ठोठावून झाल्यावरच कैद्याला फेडरल कोर्टात हा अर्ज करता येतो. तेथे खटला नव्याने चालत नाही. कैद घटनेला धरून आहे काय, एवढेच पाहिले जाते. नोव्हेंबर १९८५ मध्ये न्यायाधीश ली सारोकिन यांनी अर्ज मंजूर केला. वंशद्वेषाला केलेले आवाहन आणि बचावपक्षापासून दडविलेला पुरावा यांवर ही शिक्षा उभी आहे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. कार्टर सुटला. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला आणि १९८८ मध्ये आरोपपत्रच रद्द झाले. पुढे टोरांटोत राहून त्याने निरपराध कैद्यांसाठी काम केले. २०१४ मध्ये त्याचे निधन झाले.

तिकडे १९९६ च्या कायद्याने या अर्जाला साधारणपणे एका वर्षाची मुदत घातली आणि वाट अरुंद केली. मुदत चुकली की खरी तक्रारही दारातूनच परत फिरू शकते.

आपल्या संविधानातील ३२ वे कलम हा अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात करण्याचा हक्क देते. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. का म्हटले, ते कार्टरच्या आयुष्याकडे पाहिले की उमगते. कागदावरचा हक्क जागा ठेवायला वाचणारा, लिहिणारा आणि चिकाटीने लढणारा माणूस लागतो, असे आम्हास वाटते.